मलय चित्रकथांना कपडे चढवताना

खराडीच्या ऑफिसात सकाळी जागेवर बसलं की माझ्यापुढे पहिला प्रश्न असायचा, आज कोणाला काय घालायचं? समोरच्या पडद्यावर मलय भाषेतली एखादी चित्रकथा उघडलेली असायची. तिच्यातल्या माणसांच्या अंगावर काही नसायचं आणि संध्याकाळपर्यंत ते असायला हवं असायचं. निवृत्तीपर्यंतची माझी शेवटची वर्षं या कामात गेली. धायरीतल्या आमच्या सोसायटीत ‘काकू आयटीत आहेत’ एवढंच ठाऊक होतं. साठीला टेकलेली बाई आयटीत नक्की काय करत असेल, हे विचारण्याचं धाडस कोणी केलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ती कंपनीही राहिली नाही आणि तो विभागही राहिला नाही.

आधी हे काम काय होतं ते सांगते. मलेशियात एके काळी प्रौढांसाठीच्या चित्रकथा चोरून निघायच्या. परवाना नाही, छापखान्याचं नाव नाही, चित्रकाराचं तर नाहीच नाही. झेरॉक्स काढायच्या, मधोमध टाचण्या मारायच्या आणि वर्तमानपत्राच्या घडीत घालून ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. आपल्याकडे पिवळी पुस्तकं मिळायची तसंच. ती आपण कधी पाहिलीच नाहीत असं सांगणारे पुरुष मला आयुष्यात पुष्कळ भेटले. पुढे तिकडच्या एका मोबाइल अ‍ॅपवाल्यांनी त्या जुन्या चित्रकथा घेतल्या आणि त्याच चित्रकारांकडून नवे, रंगीत भागही काढून घ्यायला सुरुवात केली. उघडपणे दाखवायचं म्हणजे नियमात बसवायचं आणि नियमात बसवायचं म्हणजे झाकायचं. ते झाकण्याचं काम फिरत फिरत आमच्याकडे आलं.

काम करणाऱ्याला मलय भाषा येता कामा नये, अशी अ‍ॅपवाल्यांची अट होती. वाचणारा माणूस गोष्टीत गुंततो आणि मग त्याचा हात चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, याचा पुरावा पुढे मीच दिला.

माझी उमेदीची वर्षं नारायण पेठेतल्या एका प्रोसेस स्टुडिओत गेली होती. ऑफसेट छपाईच्या निगेटिव्ह आमच्याकडे तयार व्हायच्या. काचेचं टेबल, काचेखाली दिवा, वर निगेटिव्ह आणि हातात तीन-चार केसांचा ब्रश. त्या ब्रशने मी नवरीच्या गालावरचे व्रण घालवले, पुढाऱ्यांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या उतरवल्या आणि सिनेमाच्या जाहिरातीतल्या नट्यांना वर्तमानपत्राच्या अब्रूसाठी बाह्या रंगवल्या. कॉम्प्युटर आले तसा स्टुडिओ बंद पडला. मग मी पण कॉम्प्युटर शिकले आणि लोकांच्या आजोबा-पणजोबांचे फाटके फोटो सांधत बसले. खराडीला मुलाखतीला गेले ती भाचीने अर्ज भरला म्हणून.

मुलाखत घेणारा निखिल माझा मुलगा शोभेल अशा वयाचा होता. तो टीम लीड होता आणि मूळचा अमरावतीचा. खूश झाला किंवा चिडला की त्याची भाषा थेट घरी जायची.

‘काकू, एक्सपीरियन्स काय आहे?’

‘नट्यांना बाह्या शिवल्यात. ब्रशने.’

तो हसला आणि त्याने एक चित्र समोर ठेवलं. नदीत एक माणूस उभा होता, अंगावर काही नव्हतं. माझ्या आधीच्या उमेदवारांनी त्याच्यावर काळी पट्टी मारली होती, एकाने चड्डी घातली होती. मी नदीचं पाणी वाढवलं.

‘पाणी वाढवलं!’ निखिल खुर्चीतून उठलाच. ‘हे कोणालेच कसं नाही सुचलं बाप्पा?’

अशी मला नोकरी लागली. घरी येऊन ह्यांना सांगितलं. आमचे हे, म्हणजे अरविंद, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, ‘म्हणजे या वयात तू परक्या लोकांना कपडे घालणार. घरातल्या इस्त्रीचं काय?’

ऑफिसात आमच्या टीमला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण सगळे आम्हाला शिंपीच म्हणायचे. आमच्यापुढे एक तक्ता असायचा. गुडघ्याच्या वर किती चालेल, खांद्याच्या खाली किती चालेल, कोणाचा हात कुठे असला तर चालणार नाही, सगळं त्यात होतं. झाकलेली पानं अ‍ॅपवाल्यांच्या तपासनिसाकडे जायची. त्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. चुकलं की चित्रावर लाल वर्तुळ यायचं, सोबत शब्द एक नाही. आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणायचो.

या कामातली खरी मेख अशी की झाकलेलं जास्त दिसतं. काळी पट्टी मारली की डोळा पट्टीवरच जातो आणि पट्टीखाली नसेल तेही त्याला दिसायला लागतं. म्हणून झाकण असं हवं की ते पहिल्यापासून तिथेच होतं असं वाटावं. आमच्यातल्या एका मुलीने बाजाराच्या दृश्यात नायिकेपुढे दोन कलिंगडं ठेवली. अगदी निष्पाप मनाने ठेवली, असं ती अजूनही शपथेवर सांगते. भाऊसाहेबांनी कलिंगडांना नाही, अख्ख्या पानाला वर्तुळ घातलं. दुसऱ्याने समुद्रकिनाऱ्यावर इतकं धुकं सोडलं की समुद्र गेला, किनारा गेला आणि नुसते संवाद हवेत राहिले. मी वाफ, पानं, वाळत घातलेले कपडे, अर्धवट ओढलेला पडदा यांवर भागवायची. माझी पानं सहसा परत येत नसत, याचा मला अभिमान होता आणि आजही आहे.

बहुतेक चित्रकथा मी विसरले. सगळ्यांतली माणसं रबराची असायची, कुठेही वाकायची आणि कधी दमायची नाहीत. मग एक दिवस पालवाल्याची पानं आली. नाव नव्हतंच, पण प्रत्येक पानावर कुठेतरी भिंतीवर एक छोटी पाल असायची. तीच त्याची सही. जुन्या झेरॉक्स प्रतींवरून ती पानं घेतलेली होती. टाचण्यांचा गंज कागदात उतरला होता, एका पानावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता आणि एक कोपरा कोणीतरी खुणेसाठी दुमडला होता. माझं पहिलं काम हे सगळं पुसून टाकायचं होतं. पुसलं, पण कोणाच्या तरी घरातली पुस्तकांची फळी आपण आवरतोय असं वाटत राहिलं.

गोष्ट होती दोल आणि रोकियाची. बस डेपोच्या बाहेर केळ्याच्या भज्यांची गाडी लावणारी, पन्नाशी गाठलेली नवरा-बायको. दोलला सुटलेलं पोट होतं, रोकियाच्या कमरेला वळ्या होत्या, दोघांच्याही हातावर तेलाचे चटके होते. ती दिवसभर गाडीवर उभी राहून घरी यायची, मीठ जास्त पडल्यावरून भांडायची, मग दोल तिचे पाय मांडीवर घेऊन दाबत बसायचा आणि पुढे जे व्हायचं ते दिवा चालू ठेवून व्हायचं. या दिव्यापायीच ती चित्रकथा चोरून विकावी लागत होती. आमच्या पिढीत आधी दिवा मालवायचे. पन्नाशीतली दोन माणसं एकमेकांकडे उजेडात इतकं निवांत बघू शकतात, हे मला त्या पानांनी प्रथम दाखवलं.

आणि मी वाचायला लागले. लिपी इंग्रजीची, त्यामुळे अक्षरं लागायची आणि मधूनच ओळखीचे शब्द भेटायचे. नवऱ्याला सुआमी, बायकोला इस्तेरी, गुपिताला रहसिया, खांद्याला बाहु. उरलेले लक्षात ठेवून घरी मोबाइलमध्ये शोधायचे. कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही असं करारात होतं. नवरा बाहेरचा की घरचा, हे करारात लिहिलेलं नव्हतं. म्हणून रोज जेवताना ह्यांना दोल आणि रोकियाचं कुठवर आलं ते सांगायची.

‘अहो, त्यांच्यात प्रेमाला चिंता म्हणतात.’

‘आपल्यातही तेच म्हणतात,’ हे म्हणाले. ‘फक्त लग्नानंतर.’

एक शब्द मात्र आपल्या कुठल्याच शब्दाच्या नात्यातला निघाला नाही. रिंदू. माणूस जवळ नसताना त्याच्यासाठी जे होतं ते. दोल गावी गेला की रोकिया भजी तळता तळता तेवढा एकच शब्द म्हणायची.

आमच्या सोसायटीत एक बोका होता, उजवा कान फाटलेला. ह्यांना मांजरं आवडत नाहीत असं हे सगळ्यांना सांगत आणि रोज सकाळी त्याला दूध घालत. एका पानावर मला आडोसा मिळेना, तर मी तो बोका चित्रात पुढच्या बाजूला बसवला, फाटक्या कानासकट. पान पास झालं आणि अ‍ॅपवर गेलं. काही आठवड्यांनी पालवाल्याचा नवा भाग आला. भज्यांच्या गाडीच्या छपरावर तोच बोका बसलेला, उजवा कान फाटलेला. तिथे झाकण्यासारखं काहीच नव्हतं.

ह्यांना सांगितलं तर हातातला घास खाली ठेवून म्हणाले, ‘त्याने आपला बोका दत्तक घेतला.’

पुढच्या भागात दोल अंगातला शर्ट काढता काढता त्या बोक्याला म्हणतो, ‘मावशी, डोळे मिट.’ मलयमध्ये तिथे मक चिक होतं, म्हणजे मावशीच. मी दोनदा शब्दकोश बघितला. बोक्याला कोणी मावशी म्हणत नाही. ते मला उद्देशून होतं.

‘पण त्याला कसं कळलं हो, की झाकणारी बाई आहे? आणि मावशीच्या वयाची आहे?’

‘तू चित्रातल्या टॉवेलचीसुद्धा चौपदरी घडी घालतेस,’ हे म्हणाले. ‘कुठला पुरुष घालेल?’

त्यानंतर तो माझ्यासाठी जागा ठेवायला लागला. खिडकीपाशी रिकामी दोरी बांधून ठेवायचा, म्हणजे मी तिच्यावर लुंगी वाळत घालावी. पलंगाशी रिकामी खुर्ची ठेवायचा. कधी खोडी काढायचा. एकदा पलंगामागे भला मोठा आरसा लावला, म्हणजे तेच दोनदा झाकायचं. मी आरशावर वाफ धरली आणि वाफेवर बोटाने काढल्यासारखी एक पाल काढली. एकमेकांना नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तो बाप्या आहे की बाई हेही माहीत नाही, आणि दर आठवड्याला आमचं असं बोलणं चाललेलं. इतकं मनापासून मी आयुष्यात फार थोड्या माणसांशी बोलले आहे.

आता ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझी ही नोकरी लागायच्या आधी ह्यांचं बायपास झालं होतं. घरी आल्यापासून ह्यांनी माझ्यासमोर बनियन काढलं नाही. कपडे बदलायचे ते पाठ करून. एकदा मी म्हटलं, ‘बघू तरी.’

‘बघण्यासारखं काही नाही,’ हे म्हणाले. ‘एक सरळ रेषा आहे, तीही मुक्तहस्त.’

मी हसले आणि विषय तिथेच राहिला. पुण्यात विनोद केला की समोरच्याने विषय सोडायचा असतो, आणि मी इथलीच.

मधे गोष्टीत रोकियाच्या छातीत गाठ निघाली. तिला ऑपरेशनला नेतात तिथे एक भाग संपला. त्या रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, ‘तिचं ऑपरेशन नीट होईल ना?’

‘पुढच्या आठवड्यात कळेल.’

‘त्याला सांग, मारू नकोस तिला. भजी कोण तळेल?’

पुढचा आठवडा ह्यांना मिळाला नाही. चहा घेता घेता कप खाली ठेवला आणि गेले. आंघोळ घालायला पुरुषमंडळी पुढे झाली, तशी पद्धतच आहे, मला बायकांनी आतल्या खोलीत बसवलं. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. माझ्या मनात आलं, माझ्या नवऱ्याची छाती आता बाहेरच्या त्या सगळ्या पुरुषांनी पाहिली आणि मी पाहिली नाही. बाहेर यायला दार होतं, पण उठले नाही. त्या वेळी तसं उठायचं असतं हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

कामावर लवकरच परतले. निखिल म्हणाला, ‘काकू, सुट्टी घ्या ना अजून, काही प्रॉब्लेम नाही.’ मी त्याला सांगितलं, घरी बसून जेवणाच्या वेळेला कोणाला काय सांगू? त्याला ते कळलं नसावं, पण त्याने पालवाल्याची साठलेली सगळी पानं माझ्याकडेच पाठवली. रोकिया वाचली होती. मात्र तिचं एक स्तन काढलं होतं. घरी आल्यापासून ती अंगभर कपडे घालून निजायची आणि दोलकडे पाठ करून बदलायची. त्या पानांवर झाकायला काही उरलंच नव्हतं. मी नुसती बघत बसायची.

मग ते पान आलं. पूर्ण पानभर एकच चित्र. दिवा चालू आहे. रोकियाने ब्लाउज उघडून धरलाय, आडवा व्रण स्पष्ट दिसतोय. दोल एका बाजूला गुडघ्यांवर बसून बघतोय. त्यांच्यापलीकडे त्या खोलीत काही नव्हतं. दोरी नाही, खुर्ची नाही, वाफ नाही, बोका नाही. नेहमी माझ्यासाठी जागा ठेवणाऱ्या माणसाने या वेळी मुद्दाम ठेवली नव्हती. मला कळलं, तो म्हणतोय, मावशी, हे झाकू नकोस.

तक्त्यात बाईच्या छातीबद्दल जे लिहिलं होतं त्यात छाती आहे की नाही याचा विचार नव्हता. मी ‘झाकण्यासारखं काही नाही’ असा शेरा मारून पान तसंच पाठवलं. लाल वर्तुळ आलं. मग मी दोलचा हात उचलून त्या व्रणावर ठेवला, त्याच्या चटक्यांसकट. मला ते झाकण फार आवडलं होतं. या वेळी वर्तुळ हाताला आलं.

निखिल स्वतः माझ्या जागेपाशी आला. ‘काकू, तुम्ही काय करून राहिल्या? आता एकच चान्स आहे. पुन्हा रिजेक्ट झालं ना, तर ते अख्खी सिरीजच काढून टाकून राहिले. जुने भाग पण. तुम्ही तुमचं मांजर बसवून द्या ना तिथे.’

‘मांजर नाही बसणार.’

‘मग पडदा लावा.’

‘निखिल, तिचा नवरा तिच्याकडे पहिल्यांदा बघतोय. मधे पडदा लावू?’

गोष्ट बंद पडली तर रोकिया त्या खोलीत तशीच उघडी उभी राहणार होती, आणि दोलने पाहून काय केलं ते कधीच कोणाला कळणार नव्हतं. मला ते कळायला हवं होतं. मला एकटीलाच नाही. धायरीच्या घरात जेवणाच्या टेबलावर एक प्रश्न पडून राहिला होता.

दुपारभर पानाकडे बघत बसले. मग लक्षात आलं की आपण चुकीच्या माणसापासून झाकतोय. वाचकाला न दिसलं तरी चालेल, दोलला दिसलं पाहिजे. म्हणजे दोलला उचलून तिच्या समोर, वाचकाकडे पाठ करून बसवायचा. त्याची पाठच झाकण. पण मुख्य पात्रं हलवायची आम्हाला सक्त मनाई होती. निखिलला सांगितलं.

त्याने एकदा पानाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. ‘मी चहा प्यायला चाललो,’ म्हणाला. ‘आरामात येतो.’

पाठ काढायला मला वेळ लागला नाही. किती वर्षं मी ती रोज बघत होते. फळ्यावर लिहून लिहून उजवा खांदा किंचित उतरलेला. बनियनची डावी पट्टी उसवलेली आणि मी ती पांढऱ्याऐवजी फिक्या पिवळ्या दोऱ्याने शिवलेली, कारण त्या दिवशी पांढरा दोरा संपला होता. मानेवरचे पांढरे केस. त्या उतरलेल्या खांद्यावरून रोकियाचा चेहरा दिसत होता, तो मी जरासुद्धा बदलला नाही. काढून झाल्यावर मला रडू आलं. निखिल चहा पिऊन परत आला तो माझ्याकडे न बघता आपल्या जागेवर गेला.

भाऊसाहेबांनी पान पास केलं.

पुढचा भाग आला तो शेवटचा असेल हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या चौकटीपासून दोलच्या अंगात तेच बनियन, डाव्या पट्टीला फिक्या पिवळ्या दोऱ्याची शिवण. मी फक्त पाठ काढली होती. पालवाल्याने तो माणूस समोरून काढला होता, गाडीवर, बस डेपोवर, मीठ जास्त पडलं म्हणून भांडताना. ह्यांचं बनियन घातलेला माणूस भजी तळत होता. आणि शेवटच्या पानावर रोकिया त्याला म्हणते, ‘आता तू काढ.’ तो बनियन काढतो. ती त्याच्या छातीवर हात ठेवते. दिवा चालू.

पुरुषाच्या छातीबद्दल तक्त्यात एक अक्षर नव्हतं. त्या पानावर मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं पुढे पाठवायचं होतं. छाती सपाट, स्वच्छ होती. पालवाल्याला काय माहीत असणार?

मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला. गळ्याखालून सुरू करून पोटाच्या वरपर्यंत एक रेषा ओढली. रोकियाच्या बोटांपाशी थांबले, बोटांच्या खालून पुढे नेली. उभ्या आयुष्यात मी लोकांचे व्रण घालवले, काढला तो हा एकच. कसा दिसत असेल याची कल्पनाच करायची होती, त्यामुळे रेषा अगदी सरळ नाही आली. मुक्तहस्तच आली. पान पाठवलं. वर्तुळ आलं नाही.

त्यानंतर अ‍ॅपवाल्यांनी प्रौढांचा विभागच बंद केला. जुनी पानं उघडेनाशी झाली, आमचं काम थांबलं, मी घरी बसले. ऑफिसात मोबाइल बाहेर कपाटात ठेवावे लागत आणि ते अ‍ॅप आपल्याकडे उघडत नसे, त्यामुळे माझ्याजवळ एकही चित्र राहिलं नाही. जाण्याआधी निखिलमार्फत पालवाल्याचं नाव विचारून पाहिलं. चित्रकारांची नावं त्यांच्या सुरक्षेसाठी सांगता येत नाहीत, असं उत्तर आलं. ते योग्यच होतं. मात्र त्याच्या गोष्टीत मी विचारल्याशिवाय ढवळाढवळ केली, ती त्याला आवडली की तो दुखावला, एवढं तरी कळावं असं वाटत राहिलं. दर आठवड्याला पानं यायच्या त्या ठरलेल्या दिवशी मी सकाळीच आवरून बसायची आणि बघायला काही नसायचं. रिंदू हा शब्द मी वाचला ऑफिसात, पण शिकले घरी.

यंदा गणपतीत निखिल धायरीला आला. तो आता क्वालालंपूरला नोकरीला असतो. आरतीला टाळ वाजवले, मोदक खाल्ले आणि माझी बहीण आत गेल्याचं बघून पिशवीतून एक घडी घातलेलं तिकडचं वर्तमानपत्र काढलं.

‘काकू, हे घरी कोणाले दाखवू नका. फुटपाथवर एका म्हाताऱ्याकडे मिळालं. आधी नाहीच म्हणून राहिला होता. मी मांजराचा कान कसा फाटलाय ते सांगितलं, मग आतून काढून दिलं.’

‘आणि विमानतळावर उघडलं असतं तर?’

‘तर म्हणालो असतो, आमच्या काकूंचं काम आहे.’

घडीत एक झेरॉक्स काढलेलं पुस्तक होतं. परवाना नाही, छापखान्याचं नाव नाही, मुखपृष्ठावर फाटक्या कानाचा बोका. पालवाल्याने आपली गोष्ट स्वतः पुन्हा काढली होती, जशी त्याला हवी होती तशी, कारण आता त्याला कोणी अडवणारं नव्हतं. वाफा गेल्या होत्या. दोरीवरच्या लुंग्या गेल्या होत्या. आरसा स्वच्छ होता. माझी एवढ्या वर्षांची शिलाई त्याने बिनदिक्कत उसवून टाकली होती आणि मला वाईट वाटलं नाही.

रोकियाच्या पानाशी आले. तिथे दोलची पाठ होती, उतरलेला खांदा, डाव्या पट्टीची शिवण. पान उलटलं, तर पलीकडे त्याचं पहिलं चित्र, रोकिया, व्रण, काही न झाकलेलं. आधी दोलने बघायचं, मग आपण. माझं झाकण त्याने गोष्टीत ठेवून घेतलं होतं.

शेवटचं पान उघडायला मी चष्मा पुसला. निखिल खिडकीतून बाहेर बघत होता. दोलच्या छातीवर रेषा होती. माझी नव्हे. पालवाल्याने ती आपल्या हाताने पुन्हा काढली होती, माझ्याहून ठळक, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणांसकट. रोकियाचा तळवा तिच्यावर टेकलेला. वर भिंतीवर पाल, आणि खाली फाटक्या कानाची मावशी, डोळे उघडे ठेवून बघणारी.

निखिल गेल्यावर मी ते पुस्तक जेवणाच्या टेबलावर, ह्यांच्या जागेपुढे उघडून ठेवलं. टाचण्या नव्या होत्या, अजून चकाकत होत्या. पंख्याने पान उडू नये म्हणून वर मीठदाणी ठेवली.

अहो, तिचं ऑपरेशन नीट झालं.